परातीतले गोळीकिडे

गेल्या श्रावणातील गोष्ट. दिवेलागण नुकतीच झाली होती, बाहेर माळव्याचा तो संथ, कंटाळा न करणारा पाऊस लागला होता, आणि शेजारच्या घरातील धाकटी सून ओढणीखाली एक वही सांभाळीत आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. तिला जूनमध्येच एका शाळेत विज्ञान शिकविण्याची नोकरी लागली आहे.

"काका, सहावीला अधिवासाचा पाठ आहे. नुसता फळ्यावर लिहून द्यायचा नाही असं ठरवलंय. मुलांकडून प्रयोग करवून घेणार आहे. बेत लिहून आणलाय, जरा नजर टाकता का?"

ज्याने चौतीस वर्षे खडू झिजविला आणि ज्याला निवृत्त झाल्यापासून कोणी काही विचारीत नाही, त्याला अशी विनंती म्हणजे साखरेचे निमंत्रणच. आत चहाचे आधण ठेवावयास सांगून आम्ही चष्मा लावला. वही सुरेख होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशी पाच शीर्षके, प्रत्येकाखाली हिरव्या शाईची रेघ. एका खोक्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून त्यात ओला कापूस ठेवावयाचा, उरलेला अर्धा उघडा व कोरडा राखावयाचा, मध्ये दहा किडे सोडावयाचे आणि दहा मिनिटांनी कोठे किती आहेत ते मोजावयाचे, अशी कृती होती. निष्कर्षाखाली लिहिले होते : लहान प्राण्यांना अंधारी व ओलसर जागा आवडते.

"किडे कोणते घेणार आहेस?" आम्ही विचारले.

"ते अजून ठरायचंय."

किडा ठरावयाचा होता. त्याची आवड मात्र ठरून गेली होती. आम्ही हसणार होतो, पण हसू ओठांपर्यंत आलेच नाही. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आम्ही स्वतः किती वर्षे मुलांना उतरवून दिले आहे! आणि १९८३ साली या एका वाक्यापायी आमच्या हातून जे घडले, ते आजही रात्री-अपरात्री आठवते. त्याविषयी पुढे येईलच. तूर्त आम्ही वही मिटली आणि म्हणालो, "निष्कर्षाचं पान कोरं ठेवू. बाकीचं आधी आपण करून पाहू आणि मग वर्गात नेऊ." तिला वाटले होते काम दहा मिनिटांचे आहे. लागले आठ दिवस.

पहिला प्रश्न प्राण्याचा. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा. त्यात हजेरी, गलका आणि आवराआवर वजा जाता हाती राहतात पंचवीस. एवढ्या अवधीत ज्याला काही निर्णय घेता येत नाही तो प्राणी कितीही गुणी असला तरी वर्गाच्या कामाचा नाही. गोगलगाय याच कारणाने बाद झाली. गांडूळ आम्हांला फार प्रिय. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने कुंडीतील गांडुळांना पियानो व बासून ही वाद्ये ऐकविली होती. आवाजाकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केले. परंतु त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर छेडताच कंपनाने ती सरसर बिळात शिरली. अशा प्राण्याचा आम्हांला मोह न पडता तरच नवल. पण गांडुळाला माती हवी, आणि मातीत शिरलेले गांडूळ मोजण्यासाठी माती उकरावी लागते. म्हणजे प्रत्येक मोजणीबरोबर प्रयोग उधळला जाणार. मुंग्यांचा विचार सूनबाईंनी सुचविला. परंतु मुंगी ही एकटी नसते. एक गेली की तिच्या मागाच्या वासावर दुसरी जाते. वीस मुंग्या एका बाजूस गेल्या तर ते वीस निर्णय नसून एकाच निर्णयाच्या एकोणीस नकला असू शकतात. झुरळांचे नाव निघताच स्वयंपाकघरातून जो आवाज आला, त्यानंतर तो विषय संपला.

शेवटी मागील दारी तुळशीच्या कुंडीशेजारची वीट उचलली आणि उमेदवार सापडले. वाचकांनी ते शेकडो वेळा पाहिले असतील. राखाडी रंगाचे, डाळीच्या दाण्याएवढे, पाठीवर कौले रचावीत तशा पट्ट्या असलेले, आणि बोट लावताच अंग मिटून मिरीच्या दाण्यासारखी गोळी होणारे. आमच्या घरात त्यांना गोळीकिडे म्हणतात. येथे तेच नाव चालवू. वस्तुतः किडा म्हणणे शास्त्राला धरून नाही. कीटकाला सहा पाय असतात, यांना चौदा. हे भाऊबंद खेकड्याचे आणि कोळंबीचे. समुद्र सोडून जमिनीवर राहावयास आले, पण पाण्याची सवय पुरती सुटली नाही. पोटाच्या मागील भागाखाली कल्ल्यांसारखे अवयव असतात आणि त्यांवर श्वास चालतो; ते अवयव ओले राहिले पाहिजेत. कीटकांच्या अंगावर पाणी अडवून धरणारा जो मेणासारखा थर असतो तोही यांच्यापाशी नाही. कोरड्या हवेत ठेवले तर काही तासांत सुकून मरतात. मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत घेऊन हिंडते, तीही ओलीच. थोडक्यात, घर बदलले तरी माहेरचे पाणी पदराशी बांधून आणलेली ही जमात आहे.

त्यांचा आणखी एक गुण म्हणजे स्टीलच्या गुळगुळीत उभ्या काठावर त्यांना चढता येत नाही. त्यामुळे आमची पुरणाची मोठी परात मागावी लागली. ती कोणत्या अटींवर मिळाली हे येथे सांगत नाही.

आता वहीतील कृतीकडे वळलो. एका अर्ध्यात अंधार आणि ओल, दुसऱ्यात उजेड आणि कोरडेपणा. समजा, दहाही किडे अंधाऱ्या-ओल्या भागात गेले. मग ते अंधारासाठी गेले की ओलीसाठी? सूनबाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच कपाळाला हात लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व सारखे ठेवावयाचे, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हांलाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि खोके हाती घेतल्यावर आठवणे वेगळे. वर्गासाठी आम्ही ओल निवडली. परातीच्या तळाशी टीपकागदाचे दोन अर्धगोल, एक भिजवून निथळलेला, एक कोरडा. मध्ये बोटभर मोकळी जागा. उजेड दोन्हींवर सारखा.

सारखा म्हणजे किती सारखा, हे दुसऱ्या दिवशी कळले. मूळ प्रयोगाच्या आधी आम्ही एक 'कोरी फेरी' घ्यावयाचे ठरविले : दोन्ही टीपकागद कोरडे ठेवून दहा किडे सोडावयाचे. कोणतीच बाजू वेगळी नाही, तेव्हा साधारण पाच-पाच यावेत. परात गच्चीच्या दाराशी पत्र्याखाली ठेवली होती. दहा मिनिटांनी मोजले तर आठ एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला! जर त्याच बाजूचा कागद ओला असता तर आम्ही टाळ्या पिटल्या असत्या आणि सिद्ध झाले म्हणून खाली चहाला गेलो असतो. परात अर्धी फिरवून पुन्हा सोडले. आता किडे परातीच्या दुसऱ्या अर्ध्यात गेले, पण घराच्या त्याच दिशेला, जिन्याकडे. म्हणजे दोष परातीत नव्हता. जिन्याकडची बाजू किंचित अंधारी होती आणि आमच्या डोळ्यांना न दिसणारा फरक त्यांना दिसत होता. मग परात मधल्या खोलीत, छतावरील दिव्याच्या बरोबर खाली आणली आणि दर फेरीला अर्धी फिरवावयाची असा नियम केला. दिवा जवळ आणला तर त्याची ऊब लागते, तोही वेगळाच घोळ.

एक अडचण मात्र सुटली नाही, आणि ती सुटत नाही हे मुलांना सांगावयाचे असे ठरले. ओल्या टीपकागदावरून पाणी उडते आणि उडताना कागद गार होतो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने. तेव्हा ओली बाजू ही गार बाजूही असते. किडा पाण्याकडे गेला की गारव्याकडे, हे आमच्या परातीला सांगता येणार नाही. "एवढं सहावीच्या मुलांना कशाला?" असे सूनबाईंच्या सासूबाईंचे मत पडले. आमचे मत उलट आहे. माठ प्रत्येक घरात आहे. जे माठाला कळते ते सहावीला का कळू नये?

तिसरा दिवस मोजणीचा. आमच्या नातवाला एक-एक रुपयाची दहा नाणी दिली आणि ती एकदम उधळून छापे-काटे मोजावयास बसविले. पठ्ठ्याने तीस वेळा उधळली. त्यांपैकी अकरा वेळा सात-तीन किंवा त्याहूनही असमान वाटणी आली. हिशेबही तेच सांगतो. दहा नाण्यांच्या एकूण १०२४ मांडण्या होतात आणि त्यांपैकी ३५२ मांडण्यांत एक बाजू सात किंवा अधिक येते; म्हणजे तीनांत एकदा. किड्यांना ओलीचे काही सोयरसुतक नसले, तरी तीन बाकांपैकी एका बाकावर सात-तीन दिसणारच. आणि सात ज्या बाजूला असतील त्या बाजूची 'आवड' मुले वहीत लिहिणार.

त्यात आणखी एक गुंता होता. गोळीकिडे एकमेकांना चिकटून बसतात. गर्दीत बसल्याने अंगातील पाणी कमी उडते. त्यामुळे दहा किडे म्हणजे दहा मते नव्हेत. एक कोठे तरी थांबला की इतर त्याच्या कुशीला येतात. मुंग्यांना ज्या दोषासाठी नाकारले तोच दोष येथे निराळ्या वाटेने घरात शिरला! तेव्हा एका वेळी एकच किडा सोडावयाचा असे ठरले. वर्गात चाळीस मुले, चार-चार मुलांचे दहा गट, प्रत्येक गटाला एक थाळी आणि दोन किडे, एकामागून एक. किडा मधोमध ठेवावयाचा, पाच मिनिटांनी तो कोणत्या बाजूला आहे ते लिहावयाचे, आणि दरम्यान दर अर्ध्या मिनिटाला तो चालतो आहे की थांबला आहे तेही टिपावयाचे. मिळून वीस फेऱ्या. वीस नाण्यांत पंधरा किंवा अधिक एकाच बाजूला पडण्याचा योग शंभरांत चारदा येतो. म्हणून पंधरा आले तर ओलीचा काही परिणाम आहे असे म्हणू, त्याहून कमी आले तर म्हणणार नाही, असे आधीच कागदावर लिहून खाली तारीख घातली. आधीच, हे महत्त्वाचे. आकडे पाहून झाल्यावर नियम करणाऱ्या माणसाला कोणताही आकडा पुरतो.

नातवाची नाणी पाहून आम्हांला हाल्डेनसाहेबांची आठवण झाली. हा जगन्मान्य शास्त्रज्ञ १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आला, येथलाच नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. महागडी उपकरणे नसली तरी भारतात उत्तम जीवशास्त्र करता येईल, डोळे उघडे ठेवून मोजा, आणि प्राण्याला न मारता मोजा, असे तो सांगे. त्याच्या सहकाऱ्यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या होत्या. आम्ही कॉलेजात असताना मात्र बेडूक फाडले. मोजले काहीच नाही.

आता १९८३. त्या वेळी आम्ही येथील एका हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवीला शिकवीत होतो. आमच्याच प्रांतात, नर्मदाकाठी होशंगाबादेस (आज त्याला नर्मदापुरम म्हणतात), १९७२ पासून सोळा शाळांतून एक निराळेच विज्ञानशिक्षण सुरू झाले होते आणि पुढे ते सबंध जिल्ह्यात पसरले. मुलांनी स्वतः प्रयोग करावयाचे, स्वतः निष्कर्ष काढावयाचे, परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडून बसावयाचे. २००२ साली सरकारने ते बंद केले. आमची शाळा त्यात नव्हती, पण त्याचा वारा आमच्यापर्यंत आला होता आणि आपणही काही करावे अशी हौस आम्हांला उपजली होती. हौसच ती. आम्ही बुटांची खोकी जमविली, अर्धी काळ्या कागदाने झाकली, ओला कापूस ठेवला. सूनबाईंच्या वहीतील कृती ती हीच.

आठ बाकांवर आठ खोकी. सगळ्यांचे आकडे आले : आठ-दोन, नऊ-एक, सात-तीन. मागील बाकावरील एका मुलीने मात्र लिहिले पाँच-पाँच. आम्ही म्हणालो, "फिर से गिनो." तिने मोजले. पाँच-पाँच. आम्ही जरा स्वर चढवून म्हणालो, "ध्यान से गिनो, सबके सही आ रहे हैं." ती एकदा खोक्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहत राहिली. वह्या तपासावयास आल्या तेव्हा तिच्या वहीत आठ-दोन होते. आम्ही लाल शाईने 'ठीक' लिहिले.

एवढ्यावर थांबले असते तर अज्ञान म्हणून पोटात घालता आले असते. परंतु तास सुटल्यावर खोकी आवरताना आम्ही त्या मागील बाकावरील खोक्यात हात घातला. कापूस कोरडा ठणठणीत होता. सकाळी भिजविला तेव्हा तो बहुधा राहूनच गेला असावा. झाकणाचा कागदही एका बाजूने सुटून उजेड आत येत होता. दोन्ही अर्धे सारखेच होते. पाच-पाच हेच त्या खोक्याचे खरे उत्तर होते आणि साऱ्या वर्गात ते तिलाच दिसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन हे सांगावयास किती वेळ लागला असता? दोन मिनिटे. आम्ही किडे कुंपणापाशी सोडले, कापूस कचऱ्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पाठ घेतला.

ती मुलगी आम्हांला २००९ मध्ये एका लग्नाच्या पंगतीत भेटली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती, बरोबर दोन मुले होती. वाकून नमस्कार केला, इकडचे-तिकडचे बोलली आणि मग हसत म्हणाली, "सर, वो कीड़े पाँच-पाँच ही थे." सव्वीस वर्षे झाली होती. आमच्या तोंडून निघून गेले, "हाँ बेटा, रूई सूखी थी." तिचे हसू एकदम थांबले. "आपको मालूम था?" एवढेच तिने विचारले. तेवढ्यात वाढपी आला, मुलांनी जिलबीसाठी गलका केला, आणि ते तसेच राहिले. तिने मनात काय धरले ते तीच जाणे. आपण चुकीचे मोजले होते असे तिला इतकी वर्षे वाटत असते, तर ते एक वेळ बरे. खरे मोजूनही खोटे लिहावे लागते, आणि ज्याला ठाऊक आहे तोही बोलत नाही, हा धडा तिला आमच्याकडून त्या पंगतीत मिळाला.

हे सर्व आम्ही सूनबाईंना पाचव्या दिवशी सांगितले. घरात याआधी कोणालाच सांगितले नव्हते. ती काही बोलली नाही. वहीतील निष्कर्षाचे पान तिने हलकेच फाडून घेतले.

सहाव्या दिवशी 'आवड' या शब्दावरच गाडी अडली. परातीत एकेक किडा सोडून आम्ही तास-दोन तास बघत होतो, आणि जे दिसले ते आवडीसारखे दिसत नव्हते. कोरड्या कागदावर किडा भराभर चालतो, वळणे घेतो, काठाला लागून फिरतो. ओल्या कागदावर आला की चाल मंदावते, आणि पुष्कळदा तो थांबतोच. ओलीचा वास घेऊन तिच्याकडे सरळ धावला असे एकदाही दिसले नाही. योगायोगाने तिच्यावर पोहोचला आणि तेथे त्याचे चालणे सरले, एवढेच. इंग्लंडमध्ये गन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ साली या प्राण्यांच्या ओलीविषयीच्या वागणुकीवर निबंध प्रसिद्ध केला, त्यातही मुख्य मुद्दा हाच आहे : कोरड्यात जास्त हालचाल, ओलसर हवेत कमी, आणि एवढ्यानेच बहुसंख्य किडे अखेर ओलीत गोळा होतात. दिशा निवडावी लागत नाही.

सूनबाईंना हे पटेना. "पण काका, सगळे तिथेच जमतात तर आवडतं म्हणूनच ना?" आम्ही तिला रेल्वेच्या फाटकाचे उदाहरण दिले. फाटक बंद असताना कोणी वरून पाहिले तर त्याला वाटेल, या गावातील माणसांना फाटकापाशी उभे राहणे फार आवडते. पाहा, सारा रस्ता मोकळा आणि येथेच केवढी दाटी! दाटी आहे, कारण तेथे थांबावे लागते. त्यावरून आवड सिद्ध होत नाही. ती हसली, पण लगेच म्हणाली, "फाटकापाशी माणूस अडकतो. किडा तर ओलीत सुखात राहतो. सुकून मरत नाही." हेही खरेच होते. उदाहरण आमचे लंगडे निघाले. दोघांनाही उत्तर सुचले नाही.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. पुण्याकडील आमचे आप्त भेटले की हमखास विचारतात, "तुम्हांला इंदूरच कसं काय आवडलं?" जणू आमच्या पूर्वजांनी हिंदुस्थानचा नकाशा परातीसारखा पुढ्यात मांडून बोट ठेवले होते! होळकरांच्या मागून अठराव्या शतकात कारकून आले, भटजी आले, शिपाई आले. ज्याला जेथे दाणापाणी मिळाले तेथे तो थांबला. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष पुढे उज्जैनकडे निघाला होता, पावसाळा लागला म्हणून येथे चार महिने राहिला, अशी आमच्याकडे सांगण्याची रीत आहे. ते चार महिने अद्याप संपले नाहीत. पोहे-जिलबीची आवड, सराफ्यातील रात्रीच्या फेरीची आवड, आमच्या हिंदीमिश्रित मराठीचा लळा, ही सगळी मागाहून आली. तरी ती खोटी आहे असे आम्हांला कोणी सांगून पाहावे!

असो. प्रयोगाचे शीर्षक सूनबाईंनी बदलले. 'लहान प्राण्यांना कोणती जागा आवडते?' याऐवजी 'गोळीकिडा कोठे थांबतो?' असे केले. किड्यांना आदल्या रात्री सर्वांना एकाच डब्यात, ओल्या पालापाचोळ्यात ठेवावयाचे, म्हणजे कोणी तहानलेला, कोणी तृप्त असा भेद राहणार नाही. हाताने न उचलता रंगाच्या मऊ कुंचल्याने उचलावयाचे. दर फेरीला टीपकागद बदलावयाचा. आणि तास संपताच ज्या विटेखालून आणले त्याच विटेखाली सोडावयाचे, हेही कागदावर आले. आठव्या दिवशी तो कागद तयार झाला. एका पानाचा. वहीतील मूळ बेत दीड पानाचा होता.

वर्गात आम्ही गेलो नाही. बोलावले होते, पण नव्या शिक्षिकेच्या वर्गात जुन्या शिक्षकाने जाऊन बसू नये असे आमचे मत आहे. संध्याकाळी पाचलाच तिचा फोन आला. आवाज पडलेला. "काका, चौदा-सहा आलं."

पंधरा नव्हे, चौदा. आम्हांलाही चुटपुट लागली. आठ दिवसांची ममता असते. वीस नाण्यांत चौदा किंवा अधिक एकाच बाजूला पडण्याचा योग साधारण नवांत एकदा येतो. तेवढ्यावर काही म्हणता येत नाही, आणि म्हणावयाचे नाही हे आपणच तारीख घालून लिहिले होते. "दाराजवळच्या बाकावरचे दोन्ही किडे कोरड्यावरच राहिले," ती सांगू लागली, "मी जाऊन कागद पाहिला. ओला होता, नीट ओला होता. मुलं विचारत होती, आमचं चुकलं का? मुख्याध्यापिका म्हणाल्या, ते दोन सोडून द्या, बाकीच्यांचं बरोबर येतंय. काय करू?"

त्या दोन फेऱ्या वगळल्या तर अठरात चौदा होतात आणि दिसावयास छान दिसते. "तू काय केलंस?" आम्ही विचारले.

"फळ्यावर चौदा-सहाच लिहिलं. खाली लिहिलं, अजून सांगता येत नाही. पण काका, चालणं-थांबणं मोजलं होतं ना, त्यात मात्र गंमत आहे. कोरड्यावर असताना टिपलं तेव्हा बहुतेक वेळा चालत होते, ओल्यावर बहुतेक वेळा थांबलेले. सगळ्या गटांचं तसंच, त्या दाराजवळच्या बाकाचंसुद्धा. त्यांचा एक किडा तर पाच मिनिटं नुसता काठाकाठानं पळत होता, ओल्या कागदापर्यंत पोचलाच नाही. मुलं म्हणतायत, पाच मिनिटं कमी पडतात, पुढच्या गुरुवारी दहा करू."

आम्ही तिला सांगितले की वेळ बदलायची तर पंधराचा नियम पुन्हा नव्याने लिहून तारीख घाला, जुन्या वीस फेऱ्या त्यात मिळवू नका, आणि जुना कागद फाडू नका. ती म्हणाली, दाराजवळच्या बाकावरील एका मुलाने हे आधीच सुचविले आहे.

पुढचे दोन्ही गुरुवार सुट्ट्यांत गेले. तोवर परात शाळेतच आहे. वर्गातील थाळ्यांपेक्षा तिचा काठ उंच, म्हणून मुलांना तीच हवी असते. आणि घरात गौरी जवळ येत असल्याने, ती कधी परत येणार असे आम्हांला रोज दोन वेळा विचारण्यात येते.